कोरडी नाळ

सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला नाळ समजावून सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. दोन डोंगरांच्या मधे जी चीर असते, तिच्यातून पावसाळ्यात पाणी कोसळतं आणि उरलेलं वर्षभर ती धोंड्यांनी भरलेली, कोरडी ठणठणीत पडून असते. घाटावरून कोकणात उतरायला आयती वाट. आमचे भानुदास पुण्यात नोकरीला होते तेव्हा सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी टाकून अशा नाळा धुंडाळायला निघायचे. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मलाही त्यांनी एका नाळेतून खाली उतरवलं. साडी खोचून, धोंड्यांवर बसत, घसरत, रडकुंडीला येत मी उतरले. पायाची नखं काळीनिळी झाली. खाली एका घरात आम्हाला ताक मिळालं. ताक पिताना भानुदास त्या घरच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "पावसाळा सोडला तर नाळेत कसली भीती?" म्हातारा म्हणाला, "कसली नाय." तिथे ते खरंच होतं. दसरा झाला की आमच्या डोंगरांत नाळा मोकळ्या होतात आणि जूनपर्यंत तिथे पाण्याचा थेंब येत नाही.

त्र्याऐंशी साली आम्ही आखातात, रुवैसला आलो. भानुदास रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटेशनला होते. डोंगर नाही, टेकडी नाही, समोर समुद्र आणि मागे वाळू. कंपनीच्या क्वार्टरच्या खिडकीतून रिफायनरीची ज्वाळा दिसायची, तिच्या उजेडात आमची लेक शुभ्रा पाळण्यात हात-पाय हलवत खेळायची. सुट्टीत पुण्याला जायचो तेव्हा नेमका पावसाळा, म्हणजे नाळा बंद. अशी सव्वीस वर्षं गेली. पण भानुदास डोंगरातले बूट काढून तेल लावायचे, परत ठेवून द्यायचे. मी चिडवायचे, "अहो, एवढी सेवा माझ्या पायांची केली असती तर!" ते म्हणायचे, "तुझे पाय कुठे जाणार नाहीत. बुटांना अजून जायचंय."

आता आम्ही दुबईत, अल कुसैसला लेकीकडे राहतो. शुभ्राचा मराठी डब्यांचा व्यवसाय आहे, जावई सुजीत रास अल खोरला एका स्पेअर पार्टच्या गोडाउनचा मॅनेजर आहे, आणि नात अवनी चौथीत आहे. भानुदास सत्त्याहत्तर वर्षांचे झाले तरी रोज सकाळी अवनीला बसपर्यंत सोडायला जातात, आणि दोघं फूटपाथच्या कडेवरून तोल सांभाळत चालतात. शुभ्रा गॅलरीतून बघते आणि हसते. बाबांबरोबर असली की तिला अवनीची काळजी नसायची.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही फुजैराच्या बाजूच्या डोंगरांतलं राष्ट्रीय उद्यान बघायला निघालो. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. दुबईत आकाश स्वच्छ होतं. डोंगर सुरू झाले तसे भानुदास काचेला नाक लावून बसले.

"एक झाड नाही हो," मी म्हटलं.

"टक्कल केलंय डोंगरांनी. पण डोकं बघ कसं आहे!"

"बाबा, आज नो ॲडव्हेंचर, ओके?" शुभ्रा म्हणाली. "मला तीन वाजता एका क्लायंटचा कॉल घ्यायचाय. फक्त लंच, फोटो, खलास."

"मी कुठे काय म्हणतोय?"

"तुम्ही बूट घातलेत," सुजीत आरशात बघत म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो.

उद्यान उंचावर होतं. गाडी उभी करायच्या जागेजवळ सावलीला छपरं, बाकं, एक पहारेकऱ्याची चौकी. तिथून आखलेली पायवाट वळणं घेत वर एका सज्जापर्यंत जात होती. वाटेच्या डाव्या अंगाला खोल वादी. वादी म्हणजे इथल्या डोंगरांतला ओढा, बहुतेक वेळा बिनपाण्याचा. ती वरच्या सज्जाजवळून निघून वळत वळत आमच्या बाकांच्या थोडी खाली, वाळूच्या एका रुंद पात्रात उघडत होती. तिथे कण्हेरीची झुडपं होती. धोंडे पांढरे, करडे, ऊन खात पडलेले. वादीच्या तोंडाशी अरबी आणि इंग्रजीत पुराच्या इशाऱ्याची पाटी होती, तिच्यावर लाटांचं चित्र. ती आम्ही सगळ्यांनी वाचली. भानुदासांनी तर मोठ्याने वाचली. अशा पाट्या या देशात इतक्या असतात की वाचून झाल्यावर त्यांचं पुढे काही होत नाही.

थालीपीठं, दही, मिरचीचा ठेचा असं जेवण झालं. सुजीत चटईवर आडवा झाला. शुभ्रा फोन घेऊन रेंज शोधत गाडीकडे गेली. भानुदास अवनीला म्हणाले, "यल्ला, मॅडम. वरून बघून येऊ."

"आजोबा, स्ट्रेट अप अँड स्ट्रेट डाउन. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

त्यांनी काठी घेतली, मफलर गळ्यात टाकला, आणि दोघं निघाले. त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये होता. फोन खिशात असला की चढताना मांडीला आपटतो, अशी त्यांची तक्रार.

मी बाकावर बसून त्यांना बघत होते. अवनीचं जॅकेट पिवळं, त्यामुळे वळणावळणावर दिसत होतं. ती दोघं सज्जावर पोचली, अवनीने हात हलवले, मीही हलवले. मग ती परत निघाली. पण पिवळा ठिपका पायवाटेकडे न वळता डावीकडे सरकला, कठड्याच्या टोकाशी थोडा थांबला, आणि खाली गेला. त्याच्यामागे भानुदासांची पांढरी टोपी.

मला लगेच कळलं. वरून त्यांना वादी पूर्ण दिसली असणार. कोरडी, धोंड्यांची, थेट आमच्या बाकांपर्यंत येणारी. आलेल्या वाटेनेच परत का जायचं? फेब्रुवारी महिना, नाळ समोर, नात बरोबर. खरं सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. एवढ्या वर्षांनी बुटांना नाळ मिळाली, असं मनात आलं.

मग मी वर बघितलं. सज्जाच्या मागे, दोन रांगा पलीकडे, डोंगरांवर काळं झालं होतं. आमच्या डोक्यावर ऊनच होतं. ती काळी पट्टी अगदी लांब होती आणि तिच्या खालून एक करडा पडदा लोंबत होता. मी बघत राहिले. तो पडदा कसला, हे कळायला मला वेळ लागला. माझ्या डोक्यातही फेब्रुवारीत पाऊस नसतो. चाळीस वर्षं इथे काढून, इथला पाऊस हिवाळ्यातच पडतो हे माहीत असून, डोंगर दिसला की माझं पंचांग पुण्याचं होतं.

तेवढ्यात फोन किंचाळले. सरकारी इशारा येतो तेव्हा सगळे फोन एकदम जो भेसूर आवाज करतात, तो. सुजीतचा चटईवर, माझा हातात, शुभ्राचा तिकडे गाडीपाशी. आणि चौथा माझ्या पर्समधे.

सुजीत उठून बसला. "हेवी रेन, वादीपासून लांब राहा म्हणतायत. पण इथे तर ऊन आहे. आई, बाबा कुठेत?"

"वादीत," मी म्हटलं.

त्याला आधी ते समजलं नाही. "वादीत म्हणजे? ट्रेलवर ना?"

"सुजीत, ते नाळेतून उतरतायत. अवनीला घेऊन."

तो अनवाणीच धावला. मी मागून गेले, जमेल तशी. चौकीतला पहारेकरी बाहेर येऊन हात वर करून ओरडत होता, लांब, लांब राहा. शुभ्रा गाडीपासून पळत आली. "काय झालं? अवनी कुठाय?" मग तिने वादीकडे बघितलं.

आम्ही तोंडाशी उभं राहून हाका मारल्या. अवनी! बाबा! अहो! आवाज कातळावर आपटून आमच्याकडेच येत होता. आत पहिल्या वळणापलीकडे काही दिसत नव्हतं. धोंडे तसेच उन्हात होते. एक सरडा धोंड्यावर मान वर करून बसला होता. सुजीत आत शिरला, पंधरा-वीस पावलं गेला असेल, आणि थांबला.

वादीतून वारा आला. गार, ओल्या मातीच्या वासाचा. कण्हेरीची पानं उलटी झाली. मग आवाज. मी पुराचा आवाज लहानपणी ऐकला आहे, तो पाण्याचा असतो. हा दगडांचा होता, जसा एखादा ट्रक खडी ओतत असावा आणि ती संपतच नसावी.

"सुजीत, बाहेर ये!" मी ओरडले. तो वर कडेला चढला आणि त्याच्यामागे पाणी वळणावरून आलं. आधी घोट्याएवढं, तपकिरी, काड्याकुड्या आणि फेस पुढे ढकलत, जणू काही वाट विचारत येणारं. मग एकदम उंच. त्याच्यात एक प्लास्टिकचा पिंप होता, एक आख्खं बोरीचं झाड होतं मुळांसकट. सगळं आमच्या समोरून गेलं. मी त्या पाण्यात पिवळं काही दिसतंय का ते बघत होते. डोळे मिटायची इच्छा होती, पण पापण्या मिटत नव्हत्या. शुभ्रा माझा दंड धरून उभी होती, तिची नखं रुतली होती, आणि ती एकच म्हणत होती, "बाबांबरोबर आहे ना. बाबांबरोबर आहे." आधी सांगितल्यासारखं, मग विचारल्यासारखं, आणि मग नुसता आवाज राहिला.

पिवळं काही आलं नाही. मला त्याने धीर आला नाही. खाली धोंड्यांत काय अडकून राहतं, ते वर दिसत नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. सुजीतच ओरडला, "तिथे! तिथे!"

पलीकडच्या अंगाला कड्यातून कातळाची एक फळी पुढे आली होती, वळणामागून थोडी अलीकडे येणारी, पाण्याच्या वर पुरुषभर. तिच्यावर पिवळं जॅकेट होतं. शेजारी भानुदास, टोपी गेलेली, पांढरे केस चिकटलेले. दोघं उभे होते. शुभ्रा मटकन खाली बसली आणि परत उठली.

मला वाटलं, सुटलो. एवढंच होतं ते. आता पाणी उतरेल, ते येतील.

पण पाणी चढत होतं. आणि फळी संपत होती तिथून एक उतार निघून पाण्यापर्यंत आला होता. भानुदास त्या उतारावरून खाली येऊ लागले. त्यांनी गळ्यातला मफलर काढला, एक टोक अवनीच्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला. मग काठी पाण्यात खुपसून खोली बघू लागले.

"हे काय करतायत?" शुभ्रा म्हणाली. "आई, काय करतायत ते? थांबा म्हणावं! बाबा! थांबा!"

ऐकू जाणं शक्य नव्हतं. आमचंच आम्हाला ऐकू येत नव्हतं. मला मात्र दिसत होतं ते काय करतायत. पाणी पार करून आमच्याकडे यायची वाट शोधत होते. पुण्याला असताना पावसाळ्यात एखादा ओढा आडवा आला की ते असेच मफलर, दोर, काही असेल ते बांधून बरोबरच्या पोरापोरींना पार नेत. कमरेपर्यंतच्या पाण्यात त्यांनी कित्येकांना नेलं होतं. पण त्या पाण्यात दगड वाहत नव्हते.

सुजीतने शर्ट काढला. "मी जातो. मला पोहता येतं."

"वेड लागलंय का?" शुभ्रा किंचाळली. आणि लगेच, "जा. सुजीत, जा, प्लीज."

तो काठाशी गेला, एक पाय पाण्यात टाकला, आणि त्याच वेळी मी पलीकडे बघितलं. भानुदासांनी त्याला बघितलं होतं. त्यांनी दोन्ही हात हलवून नको नको केलं, आणि मग घाईने, काठी न टेकताच, आणखी खाली उतरले. अवनी मफलरच्या टोकाला त्यांच्यामागे. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं.

तेव्हा मला समजलं ते काय करतायत. भानुदास वाटाड्या होते. सगळ्यांत पुढे चालणारा माणूस. आपल्याला आणायला कोणी मागचा पाण्यात उतरतोय, हे त्यांनी आयुष्यात होऊ दिलं नव्हतं. सुजीत एक पाऊल पुढे गेला की ते दोन पावलं पुढे येणार होते. तो त्यांना वाचवायला उतरणार, ते त्याला वाचवायला उतरणार, आणि मधे मफलरला बांधलेली ती पोर.

मी सुजीतच्या पँटचा पट्टा मागून धरला आणि ओढला. माझ्यात एवढा जोर कुठून आला माहीत नाही. "खाली बस."

"आई, सोडा!"

"तू उतरलास की ते उतरतील. बघ! बघ तिकडे. तू थांबलास की थांबलेत. खाली बस, सुजीत. शुभ्रा, तूही बस."

"माझी मुलगी तिथे आहे आणि तू बस म्हणतेस?"

"हो. बस. मांडी घालून बस. हात हलवू नका, ओरडू नका. आपण घाबरलोय असं त्यांना दिसलं तर ते येतील. शुभ्रे, ऐक माझं. तो माणूस मला माहीत आहे."

शुभ्राने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही. पण ती बसली. सुजीत बसला, उघड्या अंगाने. मी दोघांच्या मधे बसले. पाण्यापासून पाच-सहा हातांवर आम्ही तिघं मांडी घालून बसलो, जसे पंगतीला बसतात. मी पर्समधून पाण्याची बाटली काढली, बूच उघडलं आणि प्यायले. मुद्दाम, मान मागे टाकून. घशाखाली उतरलं नाही, हनुवटीवरून गळ्यात गेलं. मी बाटली सुजीतला दिली. "पी. आणि पाठ ताठ ठेव."

तो प्यायला.

पलीकडे भानुदास पाण्यात उभे होते. आमच्याकडे बघत होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, एवढ्या अंतरावरून मला कोणाचाच दिसत नाही. पण त्यांच्या खांद्यांवरून मला कळतं. ते कितीतरी वेळ हलले नाहीत. पाणी मांडीला लागलं. शुभ्रा पुटपुटत होती, "मागे व्हा, बाबा, मागे व्हा, मागे व्हा." मी तिचा हात धरला नाही. धरला असता तर ते तिकडून दिसलं असतं.

जर माझा अंदाज चुकला असेल तर? आम्ही हातपाय न हलवता बसून राहिलो आणि ती दोघं आमच्या डोळ्यांसमोर गेली, तर? पुढे या मुलीने मला काय म्हणून हाक मारायची? हे सगळं माझ्या मनात येत होतं आणि मी चेहरा जेवणानंतर बसलेल्या बाईसारखा ठेवला होता.

भानुदासांनी काठी काढली. वळले. अवनीला पुढे घातलं आणि उतारावरून परत वर चढू लागले. एकदा त्यांचा पाय सरकला, ते गुडघ्यावर पडले, मफलर ताणला गेला, अवनी बसली, धोंड्याला धरून राहिली. ते उठले. फळीवर पोचल्यावर त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि तेही बसले. अवनीला मांडीवर घेऊन.

त्यानंतर आम्ही समोरासमोर बसून राहिलो. मधून ते पाणी. सुजीतने बसल्या बसल्याच पोलिसांना फोन लावला. पहारेकऱ्यानेही लावला होता. ऊन कलेपर्यंत दोर आणि हेल्मेटं घेतलेली माणसं पलीकडच्या डोंगरावरून उतरली. एकाने अवनीला पाठीवर बांधून वर नेलं. ती दिसेनाशी झाली तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. भानुदास शेवटी निघाले, दोन माणसं त्यांना बगलेत धरून.

वरच्या रस्त्याने त्यांना गाडीतून फिरवून आमच्याकडे आणलं. शुभ्राने अवनीला उचललं, दहा वर्षांची मुलगी, आणि खाली ठेवेचना. अवनीच्या कोपराला खरचटलं होतं, बाकी काही नाही. तीच सांगत होती, "देअर वॉज कोल्ड विंड, अँड आजोबा सेड, अप, अप, आणि त्यांनी मला फेकलंच वर."

वर्दीतल्या अधिकाऱ्याने भानुदासांना विचारलं, "अंकल, व्हाय द वादी?"

भानुदास म्हणाले, "इट वॉज ड्राय."

अधिकाऱ्याने काही लिहून घेतलं, सुजीतशी थोडं बोलला, आणि गेला.

आम्ही गाडीत बसलो. अवनीची जागा नेहमी आजोबांच्या शेजारी. भानुदास सरकून खिडकीशी बसले, तिला जागा केली. शुभ्राने अवनीला दुसऱ्या खिडकीशी बसवलं, पट्टा लावला, आणि स्वतः मधे बसली. मी पुढे सुजीतजवळ होते. मला मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

डोंगर संपले. खाली रस्ते कोरडे होते, एक थेंब पडलेला नव्हता. टपरीसमोर गाड्या लावून लोक चहा पीत होते. सुजीतने हीटर लावला. ओल्या बुटांचा वास गाडीभर पसरला.

"आजोबा," मागून अवनीचा आवाज आला, "आर युअर सॉक्स वेट?"

रस्त्यावरचे दिवे एकामागून एक काचेवरून जात होते. अवनीने परत विचारलं नाही.

बऱ्याच वेळाने शुभ्रा म्हणाली, "बाबा, ती तुम्हाला विचारतेय."

"हो," भानुदास म्हणाले. "ओले आहेत."